नकाशा कोणाच्या हातीं?

शेताची मोजणी निघाली कीं बांधावर काय घडतें, हें आमच्या वाचकांनीं पुष्कळदां पाहिलें आहे. मोजणीदार येतो, नकाशा पसरतो आणि त्यावर बोट ठेवून दोन शब्द बोलतो. शेतकरी उलट्या बाजूनें वांकून पाहतो, कांहीं न समजतां मान हलवितो आणि दाखवितील तेथें सही करतो. आजा आंगठा उठवीत होता, नातू सही करतो, एवढाच फरक! ज्या शेतांतला दगड न् दगड त्याच्या ओळखीचा, ज्या ओढ्याचें पाणी कोणत्या पावसांत कोठें फुटतें हें तो अंधारांतही सांगेल, त्याच शेताचें चित्र कागदावर आलें म्हणजे तो आंधळा होतो.

हें आंधळेपण जन्माचें नाहीं. तें शिकविलेलें आहे. पूर्वीं कुळकर्ण्याचें दप्तर मोडींत असे, आणि मोडी ज्याला येई त्याच्या हातीं गांव असे. जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां विद्येवांचून शेतकऱ्याची माती कशी झाली तें त्यांनीं उघड करून दाखविलें. छत्रपति शाहू महाराजांनीं 1918 सालीं कोल्हापुरांत कुळकर्णी वतनें काढून टाकलीं व पगारी तलाठी नेमले. त्यानंतर आमचीं मुलें शाळेंत गेलीं, अक्षर घरांत आलें. परंतु अक्षर आलें, नकाशा आला नाहीं. जमिनीचे निम्मे भांडण अक्षरांत असतें, निम्मे रेघांत. रेघांचें निम्मे आम्ही अजून दुसऱ्याच्या हातीं ठेवून बसलों आहों.

आज आम्ही वाचकांपुढें एका परदेशी ग्रंथालयाची हकीकत ठेवतों. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानाच्या राजधानीचें गांव ऑस्टिन. तेथील विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयांत नकाशांचा एक संग्रह आहे. त्यांत अडीच लाखांहून अधिक नकाशे आहेत, आणि ते जगाच्या सर्व भागांचे आहेत. त्यांपैकीं हजारों नकाशांचीं छायाचित्रें काढून ग्रंथालयानें इंटरनेटवर ठेवलीं आहेत. पाहणाऱ्यास फी नाहीं. तुम्ही कोण, कोणत्या जातीचे, कशासाठीं पाहतां, असें कोणी विचारीत नाहीं. बहुतेक नकाशे अमेरिकेच्या सरकारी खात्यांनीं केलेले असल्यामुळें त्यांची नक्कल करण्यासही परवानगी लागत नाहीं. जनतेच्या पैशानें झालेलें काम जनतेचें, हा त्यामागचा साधा हिशेब.

या ग्रंथालयाच्या नांवाकडे आम्हीं मुद्दाम लक्ष वेधतों. त्याचें नांव पेरी-कास्तान्येदा ग्रंथालय. इमारत 1977 सालीं उघडली, आणि तिला नांव देतांना कोणा धनवंताचें किंवा सेनापतीचें न देतां दोन अध्यापकांचें दिलें. अर्विन पेरी हे स्थापत्याचे प्राध्यापक. 1964 सालीं त्यांची नेमणूक झाली, तेव्हां त्या विद्यापीठांत अध्यापकपदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ होते. कार्लोस कास्तान्येदा हे मेक्सिकोंत 1896 सालीं जन्मलेले. लहान वयांतच आईबाप गेले. पुढें ते याच विद्यापीठांत लॅटिन अमेरिकेच्या ग्रंथसंग्रहाचे ग्रंथपाल व इतिहासाचे प्राध्यापक झाले.

पेरींची नेमणूक ही केवढी गोष्ट होती, हें समजण्यासाठीं थोडें मागें पाहिलें पाहिजे. 1946 सालीं हेमन स्वेट नांवाच्या टपाल वांटणाऱ्या कृष्णवर्णीय माणसानें याच विद्यापीठाच्या कायद्याच्या शाळेंत प्रवेश मागितला. केवळ कातडीच्या रंगावरून तो नाकारला गेला. स्वेट कोर्टांत गेला, आणि 1950 सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें विद्यापीठास दार उघडावयास लावलें. ज्या घराच्या उंबऱ्यावर एकाला अडविलें, त्याच घराच्या कपाळावर एकतीस वर्षांनीं त्याच्याच समाजांतील विद्वानाचें नांव लागलें! वाचकांस आठवत असेल कीं जोतीरावांनीं 1873 सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांची सुटका करणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें होतें. तेव्हां या ग्रंथालयाशीं आमचें नातें नवें नाहीं. तेथील माणसें लढून आंत शिरलीं. आमच्याकडे अद्याप तितकी लढाई बाकी आहे.

आतां कोणी म्हणेल, टेक्सासच्या नकाशांशीं आमच्या कुणबी, माळी, धनगर, सुतार, कुंभार बंधूंस काय करावयाचें? तर ऐका. त्या संग्रहांत हिंदुस्थान व पाकिस्तान यांच्या नकाशांची एक मोठी माला आहे. अमेरिकेच्या लष्करी नकाशाखात्यानें ती 1955 च्या सुमारास काढली. जमिनीवरील अडीच लाख मापें म्हणजे कागदावर एक माप, अशी तिची प्रमाणपट्टी. म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. आमच्या महाराष्ट्राच्या नद्या, घाट, रस्ते, गांवें त्या मालेंत आहेत. सातारा-सोलापूरचा कोणीही शाळकरी मुलगा आज मोबाईलवर तीं पाहूं शकतो.

हे नकाशे अमेरिकेच्या लोकांनीं आमच्या डोंगरांवर चढून केले काय? नाहीं. त्यांचा आधार बहुतेक आमच्याच सर्व्हे ऑफ इंडिया खात्याचे जुने नकाशे. तें खातें कंपनी सरकारनें 1767 सालीं स्थापिलें. 10 एप्रिल 1802 रोजीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासेजवळ जमिनीवर पहिली आधाररेषा मोजावयास घेतली, आणि तेथून त्रिकोणांची सांखळी जोडीत जोडीत हा देश मापला गेला. लॅम्बटन 1823 सालीं काम करतां करतांच वारला, तोही आमच्या हिंगणघाटांत. त्याची कबर तेथें आहे. त्याचें नांव जगभर छापलें गेलें. परंतु त्याचें अर्धा टन वजनाचें यंत्र डोंगरावर चढविणारे खलाशी कोण? उन्हांत निशाण धरून उभे राहणारे कोण? सांखळी ओढणारे, झाडें तोडून वाट करणारे, "या टेकडीचें नांव काय, या ओढ्याचें नांव काय" असें साहेबानें विचारल्यावर सांगणारे कोण? त्यांचें नांव नकाशाच्या कोपऱ्यांतही नाहीं. घाम आमचा, गांवांचीं नांवें आमच्या तोंडचीं, आणि कागद मात्र लंडनच्या, कलकत्त्याच्या, डेहराडूनच्या कपाटांत! दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

नकाशा निरुपद्रवी वस्तू आहे असेंही समजूं नका. तो राज्यकर्त्यानें आपल्या कामासाठीं काढलेला असतो. लष्कराला रस्ता हवा असतो, म्हणून रस्ता ठळक. महसूलखात्याला सारा हवा असतो, म्हणून शेताची हद्द ठळक. पाणवठ्यावर कोणाला पाणी भरूं देतात व कोणाला नाहीं, हें नकाशा सांगत नाहीं. विहीर दाखवितो, विहिरीवरची शिवाशीव दाखवीत नाहीं. म्हणून नकाशा वाचणाऱ्यानें प्रथम विचारावें कीं हा कोणीं काढला आणि कशासाठीं काढला.

महसुली मोजणीनें काय होतें याचा दाखला आमच्याच दख्खनचा आहे. 1828 च्या सुमारास प्रिंगल नांवाच्या साहेबानें पुणें भागाची मोजणी सुरू केली. जमिनीचें निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या प्रमाणांत सारा बसवावयाचा, असा त्याचा पुस्तकी बेत. परंतु शेतांत फिरणारे, प्रत ठरविणारे आणि आंकडे लिहिणारे कारकून निराळेच होते. लांच देईल त्याची काळी जमीन बरड झाली, न देईल त्याची बरड जमीन काळी झाली! सारा असा भारी बसला कीं इंदापूर तालुक्यांत शेतकरी जमिनी टाकून निघून गेले आणि रानेंच्या रानें पडीक राहिलीं. अखेर 1835 सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापुरांत पुन्हां काम करावें लागलें, सारा उतरवावा लागला, आणि पुढच्याच वर्षीं तो तीस वर्षांसाठीं ठरवून द्यावा लागला. चूक कागदावर झाली, उपास मात्र चुलीवर पडला. जर त्या वेळीं एकाही शेतकऱ्याला तो कागद वाचतां येता, तर "माझ्या शेताची प्रत खोटी लिहिली" असें तो तेथल्या तेथें म्हणता.

आतां कायद्याचें पाहा. सरकारच्या हुकमानें झालेला नकाशा कोर्ट खरा धरून चालतें, खोटा ठरेपर्यंत. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यांत हें होतें, आणि 1 जुलै 2024 पासून चालूं झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही आहे. याचा अर्थ शेतकऱ्यानें नीट ध्यानांत घ्यावा. नकाशांत चूक झाली असेल तर ती तुम्हीं दाखवावयाची. सरकार येऊन विचारणार नाहीं. 1947 च्या कायद्यानें जमिनींचें एकत्रीकरण झालें, पुष्कळ गांवीं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यांत कोणाची वाट गेली, कोणाचा तुकडा शेजाऱ्याच्या गटांत पडला. बापानें नकाशा पाहिला नाहीं, मुलाला भांडण वारशानें मिळालें. अशीं भांडणें ज्या घरांत नाहींत असें गांव दाखवा!

म्हणून आम्ही सांगतों, नकाशा वाचावयास शिका. तें काम वेद पठण करण्याइतकें अवघड कोणीं ठेवलेलें नाहीं. तुमच्या अंगांत त्याचें गणित आधींच आहे. गुंठा तुम्हांस ठाऊक आहे ना? जुन्या मोजणीची सांखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. एक सांखळी लांब आणि एक सांखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. जो हा हिशेब तोंडीं करतो त्याला प्रमाणपट्टी समजावयास एक दुपार पुरे. नकाशा हातीं आला कीं प्रथम उत्तर दिशा पाहा व कागद तसा फिरवून धरा. मग प्रमाणपट्टी पाहा. मग आपल्या ओळखीची, न हलणारी खूण शोधा, ओढ्यांचा संगम, तिकाटणें, देऊळ. तेथून बोट आपल्या शेताकडे न्या. सुतार आणि गवंडी यांस तर हें शिकविण्याची गरजच नाहीं. जो लांकडावर मापानें रेघ मारतो तो कागदावरची रेघ वाचूं शकतो.

परंतु भलत्या नकाशाकडून भलती अपेक्षाही करूं नये. ऑस्टिनच्या संग्रहांतील ती माला बांधाचें भांडण मिटविणार नाहीं. त्या मापानें तुमचा एक एकर कागदावर पाव मिलिमीटर बाजूचा ठिपका होतो. सुईचें टोंक त्याहून मोठें! बांधासाठीं तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींत गांवचा नकाशा, जुनीं टिपणें व फाळणीचे कागद आहेत, त्यांची सहीशिक्क्याची नक्कल काढावी. मोबाईलवर दिसणारें गांवच्या नकाशाचें चित्र पाहण्यापुरतें चांगलें, पण दाव्याला नक्कलच लागते.

मग त्या दूरदेशच्या लहान मापाच्या नकाशाचा उपयोग कोणता? उपयोग हा कीं तो गेलेला काळ धरून ठेवतो. 1955 च्या सुमारास कोयनेचें धरण नव्हतें, तें 1964 सालीं झालें. जायकवाडी नव्हतें, तें 1976 सालीं झालें. उजनी नव्हतें, तें 1980 सालीं झालें. ज्या इंदापुरांतून प्रिंगलच्या साऱ्यानें शेतकरी निघाला होता, त्याच तालुक्यांतील भीमाकांठचीं गांवें दीडशें वर्षांनीं पाण्यानें उठविलीं. पळसदेवचें जुनें देऊळ आजही पाणी ओसरलें म्हणजे वर येतें आणि लोक बघावयास जातात. पण देवळाचें शिखर पाहून गांव कळत नाहीं. नदी कोठून वाहत होती, वाट कोणीकडून जात होती, शेजारचें गांव किती अंतरावर होतें, हें नातवाला दाखवावयाचें तर जुना नकाशाच हवा. ज्याचें गांव बुडालें त्याला निदान गांवाचा कागद तरी मिळावा. तो त्याला सात समुद्रांपलीकडच्या ग्रंथालयांतून फुकट मिळतो, हें त्या ग्रंथालयाचें भूषण आणि आमचें दूषण होय.

यावर एक जुना आक्षेप येतो, कीं नकाशे उघडे केले तर देशाच्या सुरक्षिततेस धोका. सरहद्दीवरील ठाणीं झांकावींत, त्यास आमची हरकत नाहीं. पण इंदापूरच्या ओढ्यांत कोणती तोफ लपविली आहे? सरकारलाही हें हळूहळू पटलें. 2005 च्या धोरणानें लष्करी नकाशे व लोकांसाठींचे नकाशे वेगळे केले. 2017 सालीं सर्व्हे ऑफ इंडियाच्या अडीचशेंव्या वर्षीं आधार क्रमांक देणाऱ्यास लोकांसाठींचे नकाशे फुकट उतरवून घेण्याची सोय झाली. 2021 सालीं जुने निर्बंध आणखी सैल केले. हें चांगलें झालें व तें चांगलें म्हटलें पाहिजे. पण पन्नास वर्षें जो नकाशा आम्हांपासून राखला, तो टेक्सासच्या फळीवर उघडा पडलाच होता. मग राखण कोणापासून झाली? शत्रूपासून नव्हे, शेतकऱ्यापासून!

येथवर आम्हीं दुसऱ्यांस बोललों. आतां आपल्या घरच्यांस दोन शब्द बोलल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. कुळकर्णी वतन गेलें, पण कुळकर्णीपणा गेला काय? आज कचेरींतल्या पुष्कळ खुर्च्यांवर आपलींच मुलें बसलीं आहेत. त्यांच्या आईबापांनीं शेत विकून त्यांस शिकविलें. आणि तींच मुलें खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्याला "उद्यां या, कागद सांपडत नाहीं" असें सांगतात, आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या दलालाकडे बोट दाखवितात. कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी? ब्राह्मणेतर चळवळ एका जातीच्या जागीं दुसऱ्या जातीचा दप्तरदार बसविण्यासाठीं झाली नव्हती. दप्तर उघडें व्हावें म्हणून झाली होती. हें जो विसरला त्यानें सत्यशोधकांच्या तसबिरीला हार घालूं नये.

आमचीं मागणीं थोडकीं आहेत. पहिली, प्रत्येक गांवचा नकाशा मोठ्या आकारांत छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, आणि जुना सर्व्हे नंबर व नवा गट नंबर यांचा तक्ता त्याच्या शेजारीं असावा. दुसरी, महाराष्ट्रांत 1967 च्या कायद्यानें सार्वजनिक ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळतें. त्या अनुदानांतून कादंबऱ्या खुशाल घ्याव्यात, पण तालुक्याच्या व गांवच्या ग्रंथालयानें आपल्या भागाच्या जुन्या नकाशांच्या नकला एका पेटींत लावून ठेवाव्यात. ऑस्टिनच्या संग्रहांतून त्या फुकट मिळतात, फक्त छापण्याचा खर्च. तिसरी, शाळेंत मुलाला आफ्रिकेचा नकाशा शिकवितात तो शिकवावा, पण त्याआधीं त्याच्या गांवाचा शिकवावा. ज्या मुलाला आपल्या शिवाराची हद्द नकाशावर दाखवितां येत नाहीं, तो भूगोलांत पास कसा होतो? चौथी, भूमि अभिलेखांतील जुनीं टिपणें कागद कुजण्यापूर्वीं छायाचित्रांत उतरवून मालकाला घरबसल्या पाहतां यावींत. जें टेक्सासचें विद्यापीठ आमच्या देशाच्या नकाशांसाठीं करूं शकतें, तें आमचें सरकार आमच्या शेतांसाठीं कां करूं शकत नाहीं?

आणि एक मागणी सरकारकडे नाहीं, तुमच्याकडे आहे. नकाशा घरीं आणाल त्या दिवशीं तो पुरुषांनींच ओसरीवर पाहून गुंडाळूं नये. घरधनीण व मुली यांनाही पुढें बसवा. 2005 च्या कायद्यानें बापाच्या वडिलोपार्जित जमिनींत मुलीचा हक्क मुलाएवढा झाला आहे, आणि महाराष्ट्रानें तर तो 1994 सालींच मान्य केला होता. शेतांत खुरपणी करतांना जिला प्रत्येक वाफा ठाऊक असतो, तिनें कागदावर तोच वाफा ओळखूं नये काय? सावित्रीबाईंनीं शेणाचे गोळे झेलून मुलींस अक्षर दिलें, तें अर्धें ठेवण्यासाठीं नव्हे.

पुढच्या वेळीं मोजणीदार बांधावर येईल, तेव्हां उलट्या बाजूनें वांकूं नका. त्याच्या शेजारीं जाऊन उभे राहा. कागद उत्तरेकडे फिरवा, प्रमाणपट्टीवर बोट ठेवा आणि विचारा, "रावसाहेब, हा ओढा येथें वळतो, नकाशांत कां वळत नाहीं?" उत्तर मिळेपर्यंत सही करूं नका.